चार मायक्रॉन

उद्यमबागेत रात्रपाळीला शिरताना
गेटवरचा बसाप्पा माझ्या मोबाइलच्या डोळ्यावर
लाल स्टिकर लावतो.
सकाळी तो नखाने खरवडावा लागतो.
गोंद थोडा राहतोच; घरी काढलेले सगळे फोटो
हल्ली धुक्यातले येतात.

भाग सुपारीएवढा. ॲल्युमिनियमचा. चौतीस ग्रॅम.
ड्रॉइंगच्या कोपऱ्यात गिऱ्हाइकाचं नाव असतं त्या जागी
काळी पट्टी आणि एक नंबर.
पूर्वी याच शेडमध्ये पंपांच्या बॉड्या व्हायच्या,
त्या कुठे जातात हे झाडूवालीलाही ठाऊक होतं:
गडहिंग्लजच्या उसात, गोकाकच्या मक्यात.
या भागाचं एवढंच कळतं की तो उडणार आहे.
परत येण्यासाठी लागणारं काहीच
ड्रॉइंगमध्ये नाही.

बाबा विचारतात, "काय करूलालीस गं तिथं रातभर?"
"मोजते."
"काय?"
"भाग."
"कशाचा?"
मी भाकरी उलटते.
नाईक भरमा मुचंडीकर, निवृत्त,
डाव्या पायाची दोन बोटं बर्फात ठेवून आलेले,
त्यांना न सांगितलेलं ओळखता येतं.
ते ताट पुढे सरकवतात.

मागच्या वैशाखात कडोलीच्या एका लग्नात
फोटोवाल्याचा ड्रोन मांडवावर आला.
पोरं हात हलवत होती,
वरमाय पदर सावरत वर बघत होती.
बाबा पंगतीतून उठले
आणि फणसाखाली जाऊन उभे राहिले,
खोडाला पाठ लावून, हात तसाच खरकटा,
तो खाली उतरेपर्यंत.
"काका, व्हिडिओ काढूलालाय तो!" कुणीतरी हसलं.

येताना बसमध्ये म्हणाले,
आमच्या चौकीसमोर त्यांची चौकी, मध्ये नाला.
त्यांच्यातला एकजण रात्री खोकायचा. तीन महिने.
आम्ही त्याचं नाव ढासोबा ठेवलेलं.
ढासोबा सुरू झाला की समजायचं,
दोन वाजले, तिकडचा पहारा बदलला.
एका रात्री ऐकू आला नाही.
"मग?"
"मग काय. इकडं कुणाला झोप नाही."
रेल्वेचं फाटक पडलेलं होतं.
पुढचं त्यांनी मालगाडीचे डबे मोजत गिळलं.

येळ्ळूर रस्त्यावर पहाटे सोमनिंग पळतो,
आमच्या मागच्या गल्लीतला. सोळाशे मीटर.
छाती फुगवल्यावर पाच सेंटीमीटर वाढायला हवी,
त्याची साडेचारच वाढते.
संध्याकाळी तोच टिळकवाडीतल्या क्लासात
खुर्चीत बसून, दोन अंगठ्यांनी,
पडद्यावरचे डोंगर ओलांडायला शिकतो.
तिथे छाती मोजत नाहीत.
"अक्का, पुढं ह्यातलं काय लागंल?"
माझ्या डोळ्यांपुढे त्याची टेप आली, माझं मायक्रोमीटर आलं,
आणि मी म्हटलं, "दूध पी. झोप लवकर."

आज एकशे बारावा भाग
चार मायक्रॉनने मोठा निघाला.
केसाचे सतरा उभे तुकडे केले तर त्यातला एक.
लाल रंग लावून पेटीत टाकला.
ते चार मायक्रॉन कुठल्या छपरापासून
त्याला जरा बाजूला नेणार होते,
की नेमके त्याच छपरावर,
हे गेजमध्ये येत नाही.
काम चोख झालं. कन्नडमध्ये छापलेल्या रकान्यात
माझी मराठी सही.

दोन वाजता टूल बदलतात.
मशिनी गप्प होतात, कूलंट ठिबकत राहतं.
पलीकडच्या लाइनीवर इरण्णा खोकतो.
एकदाच.
एकशे तेरावा भाग हातात घेऊन
मी थांबते.